उण्याची रेघ

सलग तिसऱ्या दिवशी पाटीवर उण्याची रेघ नव्हती. जोझेतबाईंनी दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा खिडकीतून खाली धक्क्याकडे पाहिलं. एकशे अकरा. नुसते एकशे अकरा, मागेपुढे काही नाही.

सेंत-ओदमध्ये ल्वार नदी शून्याच्या वर जाते ती फक्त पुरात. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या काळच्या सगळ्यात कमी पाण्याला शून्य मानून पुलाच्या खांबावर सेंटीमीटरची मोजपट्टी ठोकली. पुढे लोकांनी नदीतली वाळू उपसून उपसून नेली, तळ खचला, पाणी खाली गेलं आणि शून्य मात्र खांबावर कोरडंच राहिलं. गावाला याचं काही वाटत नाही. पाव आणायला निघालेला माणूस धक्क्यावरच्या पाटीकडे बघतो, "आज उणे ऐंशी," असं शेजाऱ्याला सांगतो आणि पुढे जातो. सोमवारी पाटीवर उणे पंच्याऐंशी होते. मंगळवारी एकशे चौदा. बुधवारी एकशे तेरा. आज एकशे अकरा. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता आणि नदीच्या मधल्या वाळूच्या बेटांवर पक्षी निवांत पाय मोडून बसले होते.

पाटी लिहिणारा म्हणजे त्यांचा मुलगा लुदोविक. वय शेचाळीस. नगरपालिकेच्या कागदावर त्याचा हुद्दा लांबलचक आहे, पण गाव त्याला धक्केवालाच म्हणतं. वरच्या पुलापासून खालच्या जुन्या मिठाच्या कोठारांपर्यंत सगळा दगडी धक्का त्याच्या ताब्यात. दगडांच्या सांध्यातलं गवत तो हाताने काढतो. होड्या बांधायच्या लोखंडी कड्यांना वर्षातून दोनदा तेल देतो. आणि पूर ओसरायला लागला की रात्र असो, दिवस असो, उतरत्या पाण्याच्या मागोमाग एकेक पायरी खाली जात गाळ नदीत ढकलतो. गाळ ओला आहे तोवरच नदी परत घेते, वाळला की तो आपल्याच गळ्यात पडतो, हे त्याला आधीच्या धक्केवाल्याने, म्हाताऱ्या मार्सेलने शिकवलं. मार्सेल गेल्यावर पाटीही त्याच्याकडेच आली. पाण्याची उंची आता कुणालाही फोनवर दिसते, पण पाटी कोरी राहिली तर दुपारपर्यंत नगरपालिकेत चार तक्रारी जातात.

शाळेत तो असा नव्हता. जोझेतबाई गावातल्याच शाळेत गणित शिकवायच्या आणि तो बारा वर्षांचा असताना त्यांच्याच वर्गात आला. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. तो त्याने पाळला. पाळला नाही तो उण्याचा नियम. सात उणे बारा बरोबर पाच. तीन उणे दहा बरोबर सात. वहीत लाल शाईचा नुसता सडा. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रेघ कुठे गेली?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, नदीत पडली." वर्ग हसला आणि बाईंनी त्याला दाराबाहेर उभं केलं. त्याची मोठी बहीण क्लारीस तेव्हा वरच्या वर्गात पहिली यायची. ती आता आंजे शहरात डॉक्टर आहे.

पण हाच मुलगा गेली चौदा वर्षं रोज सकाळी ती रेघ न चुकता काढत आला होता. लांब, सरळ, आकड्याच्या आधी. पाटी लिहून झाली की तो मागे वळायचा आणि वर खिडकीकडे हात करायचा. खिडकीत आई दुर्बीण घेऊन उभी असते, हे त्याला ठाऊक होतं. दोघांमधलं बोलणं म्हणावं तर एवढंच. तीन दिवस झाले, त्याने हातही केला नव्हता. लिहून झालं की वळायचा आणि नुसता वर बघत राहायचा.

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याची बायको सांद्रीन नांतला निघून गेली, त्यानंतर पाटीवर नऊ दिवस एकच आकडा होता. नदी चढत होती, उतरत होती, पाटी हलत नव्हती. दहाव्या दिवशी जोझेतबाईंनी क्लारीसला फोन केला. क्लारीस गाडी घेऊन आली. "चल लुदो, आंजेला मस्त जेवू, सोबत आईही येतेय," असं म्हणून दोघींनी त्याला गाडीत बसवलं आणि थेट एका मनोरुग्णालयाच्या दारात उतरवलं. तीन आठवडे तो तिथे राहिला. उपचारांबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. उलट, झोप मिळाली, बरं झालं, असंच म्हणाला. पण परत आला तो घरी नाही, धक्क्याला बांधलेल्या एका सपाट तळाच्या होडीवर राहायला गेला. आईकडचं रविवारचं जेवण बंद झालं. नाताळला तो यायचा आणि तिच्या वाढदिवसाला यायचा, तेही डगला न काढता.

तेव्हा क्लारीसने बजावलं होतं, "आई, पुन्हा काही विचित्र दिसलं की नऊ दिवस वाट बघत बसू नकोस. लगेच मला कळव."

काल संध्याकाळी जोझेतबाईंनी फोन लावला होता. क्लारीसने उचलला नाही, मग यंत्रावर निरोप ठेवला: "पाटीवरचे आकडे चुकतायत. तू जरा बघशील का." ठेवल्या क्षणापासून त्यांना चैन नव्हतं. तो खरोखर बिघडला असेल तर मंगळवारीच कळवायला हवं होतं. आणि बिघडला नसेल आणि त्याला हे कळलं, तर नाताळही जाईल आणि वाढदिवसही.

त्यांनी काठी घेतली. कंबरेचं हाड बसवल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, त्या धक्क्यावर उतरल्या नव्हत्या. गल्लीतून खाली जाताना कोपऱ्यावरच्या घराच्या पांढऱ्या दगडावर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत, वर्षासकट. सगळ्यात वरची खूण त्यांच्या डोक्याच्याही वर. लहानपणी लुदो तिथं पाठ टेकवून उभा राहायचा आणि विचारायचा, मी कुठल्या पुरापर्यंत आलो. त्या खुणांच्या दगडाला हात टेकून त्यांनी दम खाल्ला.

धक्क्यावर चिनारांची पानं गळायला लागली होती. 'तीन कड्या' या कॅफेसमोर नादेज खुर्च्या मांडत होती.

"बाई, तुम्ही खाली? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. पाय मोकळे करायला आले."

"तुमच्या पोराने नदी भरून टाकली, बघितलंत ना? काल एक पाहुणं जोडपं पाटी वाचून मला विचारतंय, पूर येणार का, खोली सोडू का. मी म्हटलं, आमच्याकडे आधी पाटीला पूर येतो, मग नदीला."

जोझेतबाईंना हसू आलं नाही. "तो येतो का गं इथे? बरा वाटतो?"

"लुदो? रोज येतो. कॉफी पितो आणि बशीतली साखर खिशात घालून नेतो. दोन खडे."

"कशाला?"

"मी नाही विचारत. नवऱ्याला विचारून विचारूनच मी थकलेय."

साखरेची भर पडून काळजी आणखी जड झाली. जोझेतबाई पुढे निघाल्या. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला मीठवाल्यांची जुनी घरं, पायाखाली कड्या. काही कड्यांच्या शेजारी दगडात बोटभर खोल खाचा आहेत, दोनशे वर्षं दोर घासून पडलेल्या. या खाचांतलं गवत तो काढतो, पण कोठारांजवळच्या भिंतीतून उगवलेलं अंजिराचं झाड मात्र काढत नाही. नगरपालिकेने दोनदा पत्र पाठवलं. तो झाड इतकंच छाटतो की पुढचं पत्र यायला वर्ष लागावं. गवत आजही निगुतीने काढलेलं होतं. वेड लागलेला माणूस इतकं नीट गवत काढेल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि लगेच दुसरा आला, की त्या हिवाळ्यातही गवत असंच स्वच्छ होतं.

उताराच्या तोंडाशी रेमों घडीची खुर्ची टाकून गळ लावून बसला होता. पोस्टातून निवृत्त झालेला, तोही त्यांचाच विद्यार्थी.

"बाई, गृहपाठ तपासायला उतरलात?"

"तुझा अजून यायचाय, रेमों."

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"म्हणूनच आठवण केली." त्यांनी पाटीकडे काठी केली. जवळून आकडा आणखीच मोठा दिसत होता. "तू रोज इथे असतोस. हे एकशे अकरा काय आहे?"

रेमोंने गळाच्या बुचावरची नजर हलवली नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. "मला काय कळतंय गणितातलं. मला तुम्हीच शून्य दिलं होतं. ते कुठे ठेवायचं असतं, हे त्यालाच विचारा. खाली पुलाच्या खांबाशी आहे तो."

उतार म्हणजे पूर्वी होड्यांतला माल चढवायची फरसबंदी, पाण्यात शिरणारी. खाली लुदोविक गुडघ्यांवर बसून आकडीच्या सुरीने सांधे खरवडत होता. काठीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. धावत आला नाही. उठला, बाजूचं गोणपाट उचललं आणि आईच्या वाटेत जो ओला, शेवाळलेला पट्टा होता त्यावर ते पसरलं. मग पुन्हा जाऊन बसला. जोझेतबाई गोणपाटावर पाऊल ठेवत, एकेक पाऊल करत त्याच्यापर्यंत पोचल्या.

"तीन दिवस लागले," तो म्हणाला.

"कशाला?"

"इथे यायला. मला वाटलं, मंगळवारीच येशील."

"लुदो, तो आकडा..."

"काय झालं आकड्याला?"

"रेघ नाही त्याच्याआधी."

"नदीत पडली, बाई."

त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं. त्याने सुरीचं टोक पुलाच्या खांबाकडे केलं. खांबाच्या खालच्या अंगाला, धक्क्यावरून दिसत नाही अशा जागी, नवी कोरी मोजपट्टी चकाकत होती. शून्य पाण्याच्या बरंच खाली बुडालेलं, आणि पाणी एकशे अकराच्या रेघेला टेकलेलं.

"सोमवारी दुपारी पाणीखात्याची माणसं होडी घेऊन आली आणि बदलून गेली," तो म्हणाला. "उण्याचे आकडे वाचून बाहेरच्या लोकांचा गोंधळ होतो म्हणे. शून्य दोन मीटर खाली नेलं. सोमवारी नादेजचं बंद असतं. रेमोंने तेवढं बघितलं."

"म्हणजे पाणी..."

"पाणी जिथे होतं तिथेच आहे. रोज थोडं उतरतंय. दोनशेतून एकशे चौदा गेले?"

"शहाऐंशी," जोझेतबाई म्हणाल्या.

"आणि सोमवारी उणे पंच्याऐंशी होतं. मंगळवारी उणे शहाऐंशी. मग सत्त्याऐंशी, आज एकोणनव्वद. चाळीस वर्षं गणित शिकवलंस आई. रोज दोनशेचाच फरक. माझं डोकं फिरलं असतं तर फरक इतका नीट ठेवला असता का मी?"

त्यांना खरंच वजाबाकी सुचली नव्हती. तीन दिवस आकडे डोळ्यांसमोर होते, कागदावर उतरवलेही होते. भीतीने बघितलं की आकडा दिसतो, त्याचा हिशोब दिसत नाही, हे कुणा पालकाला त्यांनी कधीकाळी सांगितलंही असेल.

"मग तसं पाटीखाली लिहायचं ना. गाव हसतंय तुला."

"गावाला हसू दे. खात्याने छापील सूचना दिलीय, लावायला. होडीत पडलीय." त्याने एका सांध्यातून गवताचं मूळ अख्खं उपटलं आणि बाजूला ठेवलं. "उद्या लावतो. मला बघायचं होतं."

"काय?"

"तू खाली येतेस, का क्लारीसला फोन करतेस."

नदीवरून एक पक्षी सरळ पाण्यात पडला आणि चोचीत काहीतरी चमकतं घेऊन वर आला.

"केलास फोन?" त्याने विचारलं. आवाज साधा होता, पाणी किती म्हणून विचारावं तसा.

"नाही," त्या म्हणाल्या.

मग त्याचे खांदे खाली आले. इतके खाली, की इतकी वर्षं ते वर उचललेले होते हे जोझेतबाईंना तेव्हाच कळलं.

"ये, कॉफी करतो," तो म्हणाला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने त्यांच्या कोपराला हात दिला.

होडीत एक माणूस झोपेल आणि दोन माणसं बसतील एवढीच जागा होती. टेबल म्हणून त्याने जुनी मोजपट्टी दोन पेट्यांवर आडवी टाकली होती, पांढऱ्या मुलाम्याची, निळ्या आकड्यांची, शून्याच्या वरची आणि खालचीही. खात्याची माणसं ती भंगारात टाकणार होती. त्याने मागून घेतली. जोझेतबाईंचा पेला उणे चाळिसावर होता. त्याने फळीवरून काचेची बरणी काढली, साखरेच्या खड्यांनी काठोकाठ भरलेली, आणि दोन खडे पेल्यात टाकले.

"तुझे दोन," तो म्हणाला.

रक्तातली साखर वाढल्यापासून त्यांनी चार वर्षं साखर सोडली होती. हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक व्हावं इतका वेळ तो घरात बसलाच कधी? त्यांनी चमचा फिरवला आणि कॉफी शेवटपर्यंत प्याल्या.

"कोंबडी कुठून आणतेस हल्ली?" त्याने मधेच विचारलं.

"जुन्याच बाईकडून. बाजारातल्या. का?"

"रविवारी होड्यांची मिरवणूक आहे, मला जमणार नाही. शनिवारी आलो तर?"

"ये ना," त्या म्हणाल्या.

"साडेबारापर्यंत येतो. पांढरा घेवडा कर कोंबडीबरोबर. आणि आई, दुर्बीण जरा खाली ठेवत जा. मान दुखेल."

चढ चढायला त्यांना उतरण्याच्या निम्माच वेळ लागला, किंवा तसं वाटलं. रेमोंने मागून विचारलं, "कळलं का बाई, शून्य कुठे असतं?" आणि त्या म्हणाल्या, "तुझं तिथेच आहे अजून." कॅफेजवळ नादेजला त्यांनी साखरेचं कोडं सोडवून सांगितलं नाही. घेवडा आजच भिजत घालावा की उद्या, असा विचार करत त्या घरात शिरल्या.

फोनच्या यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"आई, मी क्लारीस. निरोप ऐकला. अगदी बरोबर केलंस कळवून. मी रुग्णालयात बोलून ठेवलंय, तिथे जागा आहे. शनिवारी अकराला येते. त्याला नुसतं जेवायला बोलाव, बाकी काही बोलू नकोस. मागच्यासारखंच."

जोझेतबाई डगल्यासकट खुर्चीत बसल्या. पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती. तिला जेवढं कळवलं तेवढ्यावरून ती धावत येत होती. आकडे चुकतायत असं आईनेच म्हटलं होतं.

क्लारीसचा नंबर त्यांना पाठ होता. फोन उचलायचा, नंबर दाबायचा, शून्य हलवलंय म्हणून सांगायचं. पोरगी आधी रागावेल, मग हसेल, आणि शनिवारी येणार नाही. लुदो साडेबाराला येईल, कदाचित डगलाही काढेल, घेवडा दोनदा मागून घेईल आणि त्याला कधीच काही कळणार नाही. बोट चौथ्या आकड्यापर्यंत गेलं आणि थांबलं. त्याला कधीच काही कळणार नाही, हे त्या हिवाळ्यात त्याला गाडीत बसवतानाही दोघींनी असंच ठरवलं होतं. त्याने सरळ विचारलं होतं, केलास फोन? आणि त्या नाही म्हणाल्या होत्या, वर त्याच्याच होडीत बसून त्याच्या हातची कॉफी प्याल्या होत्या. त्या 'नाही'वर तो शनिवारी येणार होता.

त्यांनी फोन ठेवला. खिडकीतून दुर्बिणीशिवाय पाहिलं तर उतारावर एक निळा ठिपका वाकलेला दिसत होता, गवत काढणारा. इथून हाक मारली तर ऐकू गेली नसती, आणि पुन्हा उतरायला कंबर तयार नव्हती. क्लारीसला नंतर सांगता येईल, शनिवारपर्यंत अख्खा एक दिवस होता. पण हे आधी त्यालाच कळायला हवं होतं, आणि तेही आईच्याच तोंडून. मग तो आला तर आला.

त्याचा नंबर मात्र त्यांना पाठ नव्हता. सहा वर्षांत त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. त्यांनी कपाटाच्या खणातून वही काढली, त्याच्या नावाचं पान उघडलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत बटणं दाबायला सुरुवात केली.